ब्रेकची परीक्षा दहाव्या वेळी

(दहावीच्या आमच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे.)



संयोजकांनी बजावून सांगितलंय की आठवणी जेवताना होतीलच, व्यासपीठावर प्रत्येकाने आपल्या कामातलं असं काहीतरी सांगायचं जे बाकीच्यांच्या उपयोगी पडेल. मी पदवी घेतली मेकॅनिकलची आणि पोट भरतेय सॉफ्टवेअरवर. गाड्यांच्या आत जे छोटे कॉम्प्युटर असतात, त्यांचे प्रोग्रॅम लिहिणं आणि तपासणं हे माझं काम. त्यामुळे आज मी ब्रेकवर बोलणार आहे.

त्याला एक निमित्तही आहे. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने त्याच्या गाडीचे ब्रेक बदलले. मोठ्या चकत्या आणि मोठे कॅलिपर बसवले. फोटो आपल्या ग्रुपवर आला आणि आठवडाभरात तुमच्यापैकी तिघांचे फोन आले. तिघांचा प्रश्न एकच. "आमचा पोरगाही मागं लागलाय. ब्रेकच मोठे करतोय, इंजिन नाही, म्हणजे चांगलंच ना? करू देऊ का?" प्रश्न रास्त आहे. पोराने सायलेन्सर बदलायला पैसे मागितले तर आपण ओरडतो, पण ब्रेकला मागितले तर आई-बापाला बरंच वाटतं. म्हणून तिघांना दिलेलं उत्तर आज सगळ्यांसमोर जरा सविस्तर देते.

आधी ब्रेक करतो काय, ते बघू. ब्रेक गाडीचा वेग गिळतो आणि त्याची उष्णता करतो. माणसांसकट १,३०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरने चालली असेल, तर तिच्यात साधारण ५ लाख ज्यूल ऊर्जा असते. नववीत सरांनी हे सूत्र फळ्यावर लिहून घेतलं होतं, वस्तुमानाच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग. ५ लाख ज्यूल म्हणजे किती? दीड लिटर पाणी गार असताना चुलीवर ठेवलं आणि त्याला उकळी फुटली, इतकी. करकचून ब्रेक मारला की ही सगळी उष्णता तीन-साडेतीन सेकंदांत चार चाकांपाशी तयार होते. त्यातला साधारण ७० टक्के भार पुढच्या दोन चाकांवर येतो, कारण ब्रेक मारल्यावर गाडी नाकावर झुकते.

चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड, आणि पॅड दाबणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. रचना एवढीच. ही कल्पना फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ सालीच पेटंट केली होती, पण तिचं नाव झालं ते १९५३ मध्ये, फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीत. ही शर्यत चोवीस तास चालते. त्या वर्षी डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार जिंकली. बाकीच्या गाड्यांना होते ड्रम ब्रेक. ड्रमही पहिल्यांदा छान लागतो. पण प्रत्येक फेरीत सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्यानंतर वळणाआधी तोच ब्रेक पुन्हा मारायचा, दिवसभर आणि रात्रभर. तिथे ड्रम तापून मऊ पडतात. चकती उघड्या हवेत फिरते, ती लवकर निवते. म्हणजे डिस्क ब्रेकने नाव कमावलं ते पुन्हा पुन्हा सारखंच लागण्याच्या जोरावर.

माझ्या उत्तराचं सारही हेच आहे. मोठा ब्रेक गाडी लवकर थांबवत नाही. तो दहाव्या वेळीही पहिल्या वेळेसारखी थांबवतो.

लवकर का थांबवत नाही? कारण गाडी थांबवतो तो टायर. तुमचे आत्ताचे ब्रेक चाक जॅम करू शकतात ना? करकचून दाबल्यावर एबीएसची थरथर पायाला लागते ना? मग ब्रेकचा जोर टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. चांगल्या टायरवर, कोरड्या चांगल्या डांबरावर, १०० वरून थांबायला साधारण ४० ते ४५ मीटर लागतात. त्यापुढे चकती परातीएवढी केली तरी रबर आणि डांबर यांच्यातली पकड तेवढीच राहते. गोटा झालेल्या टायरवर महागडा कॅलिपर लावणं म्हणजे बैल मरतुकडे आणि गाड्याला चांदीच्या घुंगरमाळा.

मग मोठ्या चकतीने मिळतं काय? दोन गोष्टी. पहिली म्हणजे तरफ. आजीचं जातं आठवा. फिरतं जातं थांबवायचं असेल तर हात कडेला लावला की पटकन थांबतं, मधल्या खुंट्याजवळ लावला तर जोर लागतो. चकती २८० मिलिमीटरवरून ३१२ केली की पॅडची पकड मध्यापासून साधारण ११५ ऐवजी १३१ मिलिमीटरवर जाते. तेवढ्याच दाबात १४ टक्के जास्त जोर.

दुसरी गोष्ट म्हणजे लोखंड, आणि खरी महत्त्वाची तीच. समजा जुनी चकती ६ किलोची आहे आणि नवी ८ किलोची. १०० वरून एकदा थांबलो की पुढच्या एका चकतीच्या वाट्याला पावणेदोन लाख ज्यूल येतात. लहान चकती त्यात साधारण ५८ अंशांनी तापते, मोठी ४४ अंशांनी. एका थांब्याला हा फरक कुणाला जाणवणारही नाही. पण निवायला वेळ न देता लागोपाठ दहा वेळा थांबा. लहान चकती ६०० अंशांच्या आसपास जाते, मोठी पावणेपाचशेच्या. रोजच्या वापराचे पॅड साडेतीनशे-चारशेच्या पुढे पकड सोडायला लागतात. म्हणून शर्यतीच्या गाडीला मोठी चकती लागते, आणि तिच्या जोडीला जास्त उष्णता सोसणारे पॅडही लागतात. चकतीच्या दोन पाळ्यांमध्ये हवा खेळायला फटी असतात, त्याही याचसाठी.

आता कॅलिपर. पोरांचं लक्ष सगळं इथे, कारण अलॉयच्या फटीतून तोच दिसतो. "मावशी, चार पिस्टनचा आहे, आधी एकच होता," असं भाचा म्हणाला. त्याला वाटत होतं जोर चौपट झाला. मी वही घेतली. साध्या कॅलिपरमध्ये ५४ मिलिमीटरचा एक पिस्टन असतो. तो आपल्या बाजूचा पॅड ढकलतो आणि त्याच रेट्याने सगळा चिमटा मागे सरकून पलीकडचा पॅड ओढून घेतो. चार पिस्टनवाल्यात दोन इकडून, दोन तिकडून ढकलतात. तिथे पिस्टन समजा ३८ मिलिमीटरचे. एका बाजूच्या दोघांचं क्षेत्रफळ काढा. साधारण २२.७ चौरस सेंटिमीटर येतं. ५४ च्या एकट्याचं येतं २२.९. म्हणजे जोर होता तेवढाच! फायदा वेगळाच आहे. लांब पॅड सगळीकडे सारखा दाबला जातो, तो सारखा झिजतो, चिमटा तापून फाकत नाही, पायाला पेडल टणक लागतं. पण चौपट वगैरे काही नाही.

आणि जोर खरंच वाढवायचा म्हणून फार मोठे पिस्टन लावले, तर दुसरीकडे किंमत मोजावी लागते. आपल्या विज्ञानाच्या बाईंनी दोन इंजेक्शनच्या सिरिंज नळीने जोडून पास्कलचा नियम दाखवला होता. बारीक सिरिंज दाबली की जाड सिरिंज जोराने वर येते, पण थोडीच येते. ब्रेक पेडल ही बारीक सिरिंज आहे आणि कॅलिपर जाड. जाड आणखी जाड केली की तिला भरायला तेल जास्त लागतं. पेडल खोल जातं, आणि घाबरलेल्या पायाला खोल जाणारं पेडल नको असतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल. कंपनीने तो मोजून ठेवलेला असतो. फक्त पुढचे ब्रेक जबर केले की पुढची चाकं लवकर पकड सोडायला बघतात आणि मागची अर्धी रिकामी राहतात. अशी गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेऊ शकते. इतका खर्च करून!

इथे माझं रोजचं काम येतं. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. प्रत्येक चाकाचा वेग तो कॉम्प्युटर सतत बघतो. एखादं चाक अडकायला लागलं की तिथला दाब कमी करतो, चाक सुटलं की पुन्हा वाढवतो, आणि हे एका सेकंदात अनेकदा करतो. किती दाब सोडला तर किती जोर कमी होईल, किती तेल आत गेलं तर किती दाब चढेल, याचे आकडे त्या गाडीच्या त्याच कॅलिपरवर आणि त्याच चकतीवर महिनोन्‌महिने चाचण्या करून भरलेले असतात. कोरड्या रस्त्यावर, ओल्यावर, एका बाजूला डांबर आणि एका बाजूला माती असलेल्यावर. तुम्ही कॅलिपर बदललात, हे त्या प्रोग्रॅमला कुणी सांगत नाही. तो जुन्याच आकड्यांवर चालतो. फरक थोडा असेल तर सांभाळून घेतो. जास्त असेल तर पहिल्या पावसात, उसाच्या गाड्यांनी चिखल सांडलेल्या वळणावर काय होईल, ते मी लिहिणारी असूनही छातीठोक सांगू शकत नाही.

कंपन्याही ब्रेक मोठे करतातच. चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम ३९० ड्यूक घ्या. २०१३ मध्ये आली तेव्हा पुढची चकती ३०० मिलिमीटरची होती, २०१७ च्या नव्या गाडीत ती ३२० ची झाली. पण त्यांनी जुन्या गाडीला मोठी चकती अडकवली नाही. सगळी गाडीच नव्याने आखली. ब्रेक ही साखळी आहे. पाय, पेडल, तेल, नळी, पिस्टन, पॅड, चकती, टायर, रस्ता. एक कडी जाड केली म्हणून साखळी जाड होत नाही.

मग भाच्याने नेमकं केलं काय? त्याची गाडी जुनी, पण पळणारी आहे. वर्षातून दोनदा मित्रांबरोबर तो कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जातो. रस्त्यावर मस्ती करण्यापेक्षा तिथे जा, हा माझाच सल्ला. बहिणीची अट एवढीच होती की मावशी हो म्हणाली तरच पैसे. मी म्हटलं, आधी मोजू, मग बदलू. पहिल्या खेपेला फक्त तीन गोष्टी केल्या. चांगले टायर, चांगले पॅड आणि नवं ब्रेक ऑइल.

या ऑइलबद्दल जरा थांबते, कारण ते इथे बसलेल्या प्रत्येकाच्या गाडीत आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. पावसाळ्यात उघडी राहिलेली गुळाची ढेप कशी पाझरते, तसंच. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल प्यायलेलं तेच ऑइल १५५ लाही उकळू शकतं. उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, बुडबुडा दाबला जातो. मग पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी चालतच राहते. दोन वर्षांतून एकदा ऑइल बदलायला जो खर्च येतो तो एका हॉटेलच्या जेवणाएवढा, आणि आपल्यातल्या किती जणांनी तो कधी केलाय, हे हात वर करायला सांगून मी आत्ता तपासणार नाही.

तर पुढे. चकतीच्या कडेला तापमान दाखवणारे रंग मिळतात. ठरावीक अंशाला रंग पालटतो. ते लावून तो ट्रॅकवर गेला. परत आला तेव्हा ५६० अंशांचा रंग पालटला होता आणि ६१० चा शाबूत होता. म्हणजे त्याच्या वापराला चकती खरोखर कमी पडत होती. तेव्हा मी हो म्हटलं. पण बाजारातला दिखाऊ संच नाही. त्याच कंपनीच्या, तशाच बांधणीच्या, जास्त ताकदीच्या गाडीला येणारे कॅलिपर आणि ३१२ च्या चकत्या घेतल्या. पिस्टनचं क्षेत्रफळ जुन्याच्या जवळपास. रिममध्ये बसतात का, हे आधी पुठ्ठा कापून पाहिलं. विमा कंपनीला लेखी कळवलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील मूळ कंपनीच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे सांगितलंय. म्हणून आपल्या एमएच ४२ च्या कार्यालयात आधी विचारा, गॅरेजवाल्याच्या "काही होत नाही" वर जाऊ नका.

निकाल? पुढच्या खेपेला ट्रॅकवर पहिल्या थांब्यात जुन्या-नव्यात फरक कळलाच नाही. आठव्या-नवव्या फेरीला, जिथे पूर्वी पेडल मऊ पडायचं, तिथे ते पहिल्यासारखंच टणक राहिलं. वहीतलं गणित तसंच्या तसं रस्त्यावर उतरलं, याचा आनंद त्याच्यापेक्षा मलाच जास्त झाला.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे कोइमतूरला जातो? बरोबर. पण घाटात जातो. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरलात तर साधारण साडेपाचशे मीटर खाली येता. तेवढी उंची उतरताना १,३०० किलोच्या गाडीला जी ऊर्जा गिळावी लागते, ती १०० वरून चौदा वेळा थांबण्याइतकी आहे. महाबळेश्वरच्या सहलीला एसटीचे ड्रायव्हर काका खालच्या गिअरमध्ये, इंजिनाचा आवाज करत उतरत होते. आपण मागे "काका, पळवा" म्हणून ओरडत होतो. ते तेव्हा ब्रेक वाचवत होते. उष्णतेचा मोठा वाटा ते इंजिनावर टाकत होते. हा उपाय फुकट आहे आणि कुठल्याही कॅलिपरपेक्षा मोठा आहे.

आता शेवटचा हिशेब, आपल्या पिंपळीच्या रस्त्याचा. गाळप हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर रस्त्यावर भवानीनगरच्या दिशेने रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात. ट्रॅक्टर आणि भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून २० टन धरा, वेग फक्त ताशी २५. ऊर्जा काढली तर येते ४ लाख ८० हजार ज्यूल. म्हणजे भाच्याची गाडी १०० ला असते जवळजवळ तेवढीच. तिच्यासाठी आम्ही चार चकत्या, एबीएस, तापमानाचे रंग असा घाट घातला. ट्रॉलीला मात्र बऱ्याचदा स्वतःचा ब्रेकच नसतो. सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. ट्रॅक्टरचा ब्रेक मोठा करूनही भागत नाही, कारण उतारावर मागची ट्रॉली त्याला ढकलते आणि आडवी येते. ब्रेक जिथे वजन आहे तिथे हवा. आपल्यातले काही जण कारखान्यावर आहेत, काहींचे स्वतःचे ट्रॅक्टर आहेत. ट्रॉलीला ब्रेक आणि मागे रिफ्लेक्टर, एवढं या हंगामात बघा.

आणि ज्यांची पोरं पळणाऱ्या गाड्या घेऊन याच रस्त्याने रात्री घरी येतात, त्यांनी पोरांना हे आकडे सांगा. १०० च्या वेगात गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. अंधारात पुढे ट्रॉली आहे हे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो. झाले ४२ मीटर, आणि अजून ब्रेक लागलेलाच नाही. पुढे थांबायला ४४. एकूण ८६. डिपरचा उजेड त्याच्या आधीच संपलेला असतो. हेच ६० च्या वेगात केलं तर सगळं मिळून ४१ मीटर. वाचलेले हे ४५ मीटर जगातला कुठलाच कॅलिपर विकत देत नाही.

तर त्या तीन फोनांना माझं उत्तर असं. आधी टायर बघा, मग ऑइल बदला, मग चांगले पॅड टाका. पोरगा खरंच ट्रॅकवर जात असेल आणि मोजून दाखवत असेल, तर जुळणारा पूर्ण संच घ्या, अर्धा नको. आणि नुसता लाल रंग हवा असेल, तर उष्णता सोसणारा रंग कॅलिपरला लावून द्या. ते वरून चिकटवायचे प्लॅस्टिकचे लाल मुखवटे मात्र नको. ते उष्णता कोंडतात आणि सुटून चाकात जातात.

ज्या बाईंनी सिरिंजचा प्रयोग दाखवला त्या आज समोर बसल्या आहेत. बाई, ते पाणी तेव्हा माझ्या वहीवर सांडलं होतं. नियम मात्र अजून पाठ आहे.  जेवण झाल्यावर पार्किंगमध्ये या, ज्याला आपल्या गाडीचं ऑइल दाखवायचंय त्याने बॉनेट उघडून ठेवावं.